वजन कुठे टेकलं

आधीच सांगून ठेवते, माझा आवाज मोठा आहे. शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून सगळी नोकरी मैदानावर काढली. शेवटच्या रांगेतल्या कामचुकार पोरापर्यंत पोचायचं तर आवाज मोठाच लागतो. पोरं मागून मला शिट्टीबाई म्हणायची. ते वहिनीच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून घरातही माझं नाव शिट्टीच पडलं. तर त्या दुपारी मी दादावर ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं, असं तिथली शेजारीण म्हणते. जाऊ दे की! ऐकायलाच हवं होतं सगळ्यांनी.

झालं असं, की माझ्या भावाने माझ्या वहिनीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहिलं. स्वतः. वहिनी जिवंत, मागच्या खोलीत बसलेली, आणि हा पुढच्या खोलीत टेबलाशी बसून तिच्या नायिकेचं पुढे काय होतं ते ठरवतोय! विम्याच्या कचेरीत आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, तेवढंच याचं लेखन. आता म्हणे प्रकरण.

वहिनी लेखिका आहे. आहे म्हणते मी, होती नव्हे. दादाच्या तोंडी हल्ली "होती" येतं आणि माझं डोकं फिरतं. गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंग थोडं थोडं परत आलं, कारण मी रोज सकाळी तिच्या मानगुटीवर बसून व्यायाम करून घेते. काठी घेऊन खोलीभर चालते आता. खुर्चीतून उठताना मात्र कुणीतरी काखेत हात घालावा लागतो. आणि वाचेचं म्हणाल, तर एकच शब्द परत आला. "बरं."

पाणी हवं का? बरं. खिडकी लावू? बरं. दुखतंय का गं? बरं. डॉक्टर म्हणाले, हिला समजतं सगळं, पण बोलायला गेली की तोच एक शब्द दारात आडवा पडतो. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरं सांडतात. मान हलवते तीही कधी हो म्हणायचं असताना नाही अशी हलते, आणि मग ती स्वतःवरच चिडते. जिने जन्मभर एकेक शब्द पारखून घेतला तिच्या पदरात पडलं काय, तर "बरं"! मला तर ज्याने कुणी हे ठरवलं असेल त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

त्या दुपारी मी नेहमीच्या वेळी आले नव्हते. सकाळी माझंच गुडघ्याचं दुखणं होतं, म्हणून दुपारी आले. पाहते तर पुढच्या खोलीत संपादक बसलेले. हे वहिनीच्या प्रकाशनाचे संपादक, सडपातळ, शांत, प्रत्येक वाक्याची सुरुवात "तसं पाहिलं तर"ने करणारे. टेबलावर कादंबरीचा गठ्ठा दोरीने बांधून ठेवलेला, आणि दादाच्या हातात वेगळे कागद. दादा चष्मा लावून मोठ्याने वाचत होता.

"...आणि ती आपल्या जुन्या खुर्चीत बसली. तिने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, आता मी कुठे जाणार नाही."

मी चपला काढता काढता थांबले. म्हटलं, "हे काय वाचतोयस?"

"शेवटचं प्रकरण," दादा म्हणाला.

"कुणी लिहिलं?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. याला उत्तर द्यायचं नसलं की चष्मा मळतो.

"कुणीतरी पूर्ण करायलाच हवं होतं ना गं," तो म्हणाला. "प्रकाशक किती दिवस थांबणार? आणि मी तिला वाचून दाखवलंय. तिला पसंत आहे."

"कशावरून?"

"वाचून झाल्यावर मी विचारलं, असं चालेल का? ती बरं म्हणाली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा मागच्या खोलीत गेले. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर पांघरूण, चेहरा रडून सुजलेला. मी दोघांना आत हाक मारली. हाक कसली, आरोळीच ती. दोघे आले तसं मी विचारलं, "वहिनी, तुझं हे पुस्तक बंबात घालू का?"

"बरं," वहिनी म्हणाली.

"दादाला घराबाहेर काढू?"

"बरं."

"या संपादकांच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतू?"

"बरं," वहिनी म्हणाली, आणि एवढ्या रडण्यातही तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला. संपादक दोन पावलं मागे सरकले.

"ऐकलंत? ही तुमची पसंती!" मी दादाकडे वळले. "लाज नाही वाटत? तिला तोंड उघडता येत नाही म्हणून तिच्या तोंडात तू आपले शब्द कोंबणार?"

"शिट्टी, हळू बोल."

"नाही बोलणार हळू!"

आता ती कादंबरी काय होती ते सांगते, म्हणजे मला एवढा संताप का आला ते कळेल. एक बाई रोजच्या बसने कामाला निघते आणि एके दिवशी आपल्या स्टॉपवर उतरतच नाही. बस जाते तिथवर जाते. शेवटच्या स्टॉपच्या गावात एका लाँड्रीत काम धरते, वरच्या मजल्यावर खोली घेते. नवऱ्याशी भांडण नाही, मारझोड नाही, काही नाही. फक्त उतरत नाही. मग बऱ्याच काळाने नवरा आजारी असल्याचा निरोप येतो. ती निघते आणि जुन्या घराच्या दाराशी येऊन उभी राहते. इथवर वहिनीने लिहिलं होतं. मग झटका आला.

दादाला ही गोष्ट पहिल्यापासून झोंबत होती. वहिनीने कधी घर सोडलं नव्हतं, पण याला वाटायचं लोक काय म्हणतील, लोक म्हणतील यांच्याच घरातलं आहे. तेव्हा संधी मिळताच याने बाईला घरात घेतलं, खुर्चीत बसवलं आणि कडी लावली.

आणि मला खात्री होती, अगदी छातीठोक, की ती बाई दारातूनच परत फिरते. आत पाऊलसुद्धा टाकत नाही. माझ्यासारखी असती तर नक्कीच फिरली असती.

"तसं पाहिलं तर," संपादक खाकरले, "बाईंचं मत कळायला काही मार्गच नाही. नाहीतर आम्ही..."

"आहे मार्ग," मी म्हटलं. "ही गोष्ट कुठे रचली ते ठाऊक आहे तुम्हाला? तुमच्या पायाखाली."

संपादकांनी खाली पाहिलं. स्वच्छ फरशी. दादाने मान फिरवली.

त्याचं असं आहे. फार पूर्वी, वहिनी एका गोष्टीत अडकली होती. दिवसेंदिवस नुसती बसून, चहा गार होतोय, चेहरा ओढलेला. मला बसून राहिलेली माणसं बघवत नाहीत. मी म्हटलं, "तुझी बाई जिना चढून दमली असं लिहिलंयस ना? ऊठ, कशी दमते ते तरी बघ," आणि तिला स्टूलावर चढ-उतर करायला लावली. पदर खोचून केली हो तिने! धापा टाकत थांबली आणि म्हणाली, "अगं शिट्टी, ही दमते ती चढताना नाही. वर पोचून दार बंद दिसतं ना, तेव्हा दमते." बसली आणि ती गोष्ट एका बैठकीत संपवली.

तिथून आमचा परिपाठच पडला. गोष्ट सुचली की वहिनी मला बोलवायची. मी मैदानावर आखायचे तशी खडूने फरशीवर वर्तुळं काढायचे. एकेका वर्तुळात गोष्टीचा एकेक टप्पा आणि त्याचा व्यायाम. जिथे गोष्ट नुसती चालते तिथे कदमताल. जिथे चढते तिथे स्टूल. जिथे काही ठरत नाही तिथे भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, हवेत खुर्ची असल्यासारखं बसून राहायचं, मांड्या थरथरेपर्यंत. मी शिट्टी वाजवायची, तिने टप्पा बदलायचा. एखाद्या टप्प्यावर श्वास फुललाच नाही तर म्हणायची, "इथे काही घडतच नाहीये, काढून टाक." आणि मी पायाने ते वर्तुळ पुसायचे.

शेवटाचा नियम तिचाच. ती म्हणायची, शरीराचं वजन जिथे येऊन टेकतं तिथे गोष्ट संपते. भिंतीवर, जमिनीवर, दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर, कुठेही. एका गोष्टीत तिचं वजन शेवटी एकाच पायावर राहिलं, आणि तिने ती तशीच संपवली. लोकांनी पत्रं पाठवली, गोष्ट अर्धवट आहे म्हणून. आम्ही दोघी हसून हसून लोळलो होतो.

दादाला हे सगळं पोरखेळ वाटायचं. या कादंबरीचा सगळा आराखडा खडूने याच फरशीवर होता. शेवटचं वर्तुळ तेवढं काढायचं राहिलं होतं. वहिनी दवाखान्यात असताना हिच्यासाठी खोली तयार करायची म्हणून याने बाई बोलावून फरशी घासून घेतली. साबण लावून! मी आले तेव्हा बादलीत पांढरं पाणी होतं. तेव्हाही मला खूप बोलायचं होतं, पण तेव्हा वहिनी जगते की नाही तेच ठाऊक नव्हतं, म्हणून गप्प बसले. आता बसणार नव्हते.

माझ्या पिशवीत खडू आणि शिट्टी असतातच, शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. मी गुडघा धरून खाली बसले आणि आठवून आठवून वर्तुळं काढायला लागले.

"काय चाललंय हे?" दादा म्हणाला. "ती आजारी आहे. तुझे खेळ बंद कर."

"तिला विचार."

"तिला काय विचारणार? ती बरं म्हणणार!"

"आता कसं कळलं तुला!" मी म्हटलं.

वहिनीने पांघरूण खाली टाकलं होतं. काठी हातात घेतली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती नजर मला ठाऊक आहे. नवीन गोष्ट सुचली की तिचे डोळे असेच व्हायचे, चोराने वाट बघावी तसे.

मी तिच्या काखेत हात घालून तिला उभी केली. शिट्टी तोंडात धरली. संपादकांना म्हटलं, "तुम्ही गठ्ठा वाचलाय ना? बोलू नका. नुसतं बघा."

शिट्टी.

पहिल्या वर्तुळात कदमताल. वहिनीने काठीवर भार देऊन पाय उचलला. डावा बरा उचलला गेला, उजवा फरफटला, पण ताल चुकला नाही. एकच एक, कंटाळवाणा, रोजचा. दुसऱ्या वर्तुळात तिने डावा हात वर ताणला, खिडकीचा गज पकडला आणि थांबली. नुसती थांबली. संपादक पुढे वाकले. "बसमध्ये आहे ती," ते हळूच म्हणाले. "स्टॉप निघून गेला." मी त्यांच्याकडे डोळे वटारले. पुढे बुटकं स्टूल. पूर्वी चढायची तसं आता कुठलं जमायला! डावा पाय स्टूलावर ठेवायचा आणि काढायचा, एवढंच. घाम आला तिला. लाँड्रीच्या वरची खोली ती हीच.

इथे मी एक लबाडी केली, मुद्दाम. यापुढे भिंतीचं वर्तुळ होतं, निरोप येतो तो टप्पा. ते मी काढलंच नव्हतं. स्टूलानंतर सरळ पुढचं, दाराशी उभं राहण्याचं वर्तुळ काढलं. मी शिट्टी वाजवली आणि बोटाने तिकडे दाखवलं.

वहिनी हलली नाही.

मी पुन्हा वाजवली. तिने काठी आपटली आणि भिंतीकडे दाखवली. "बरं!" ती ओरडली. अशी ओरडली की दादा दचकला. स्वतःच भिंतीपाशी गेली, पाठ टेकवली आणि जेमतेम चार बोटं खाली घसरून, दात आवळून, तशीच राहिली. मांडी लटलट कापत होती.

"निरोप येतो आणि ती ठरवत नाही," संपादक म्हणाले. आता ते "तसं पाहिलं तर" विसरले होते. "ते अख्खं प्रकरण. तुम्ही ते गाळलंत?"

"मी गाळलं. तिने गाळू दिलं नाही," मी म्हटलं. "कळलं का, दादा? बाहुली नाहीये ती. मी म्हणेन तसं करत नाही आणि तू म्हणशील तसंही नाही."

एक सांगते, त्याचा चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग वहिनी दाराच्या वर्तुळात आली. खोलीच्या मधोमध. उजवा पाय कसाबसा टेकलेला, सगळा भार डाव्यावर. नायिका घरासमोर उभी आहे. इथे लिहिलेलं संपत होतं.

खडू माझ्या हातात होता, पण पुढचं वर्तुळ कुठे काढायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी खडू खाली ठेवला.

आणि मग आम्ही दोघा भावंडांनी काय करावं? दादा पटकन पुढे झाला, तिची खुर्ची उचलून तिच्या समोर आणून ठेवली, पाठीवरची उशी ठीक केली आणि हात पुढे करून उभा राहिला. "ये," म्हणाला. अगदी मऊ आवाजात. तो मऊ आवाज ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जाऊन खोलीचं दार सताड उघडलं आणि दाराला टेकून उभी राहिले. "वहिनी, दार उघडं आहे," म्हटलं. "जा!"

एकीकडे खुर्ची, एकीकडे दार, आणि मधे ती, एका पायावर. दादा ये ये करतोय, मी जा जा करतेय. संपादक भिंतीला चिकटलेले.

वहिनीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असा संताप मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. ती चिडणारी बाईच नव्हे. चिडायचं काम तिने मला दिलं होतं. तिने काठी उचलली, तोल जाईल की काय असं वाटलं, पण उचलली, आणि आधी दादाला बाजूला हो म्हणून हलवली. मग माझ्याकडे रोखली. तशीच. जराही कमी नाही.

मला? मला का? मी तर तिच्या बाजूने होते! घशाशी आलं होतं म्हणायला. पण तिची काठी खाली येईना. मी दारापासून सरकले.

मग ती निघाली. खुर्चीकडे.

नाही गं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. फरफटत, टेकत ती खुर्चीपर्यंत गेली, वळली आणि बसली. अख्खं वजन टाकून बसली. खुर्ची करकरली.

दादाने श्वास सोडला. "बघितलंस?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी हेच म्हणत होतो, शिट्टी. हेच लिहिलंय मी. ती येते आणि बसते."

मला तिचा राग आला. हो, तिचाच. एवढी खटपट करून, मला काठी दाखवून, तू शेवटी याच्या खुर्चीत जाऊन बसलीस? वजन टेकलं होतं. नियमाप्रमाणे गोष्ट संपली होती. आता मी शेवटची शिट्टी वाजवायची आणि "विश्राम" म्हणायचं, एवढंच उरलं होतं. मी शिट्टी ओठात धरली. जड झाली होती.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात उंच केला. थांब.

मग ती खुर्चीत पुढे सरकली. आधी डावा कुल्ला, मग उजवा, पार कडेपर्यंत. पाय मागे घेतले. हे तिला मी शिकवलं होतं. रोज सकाळी मी हेच घोकते: पुढे सरक, पाय मागे घे, नाक गुडघ्यांच्या पुढे ने, आणि ऊठ. रोज ती पुढे सरकते, पाय मागे घेते, वाकते, आणि रोज मला काखेत हात घालावा लागतो. एकटीला तिला कधी जमलेलं नव्हतं.

ती वाकली, उचलली गेली थोडीशी आणि धप्पकन मागे बसली.

दादा धावला. "अगं, काय हवंय? मी देतो ना." त्याने हात पुढे केला. तिने तो झटकला. मीही धावले होते. मला कोपराने ढकललं. परत वाकली. परत बसली. केस चेहऱ्यावर आले, लाळ ओघळली, ती तिने पुसली नाही. संपादक म्हणाले, "बाई, राहू दे, आम्हाला कळलं." काही कळलं नव्हतं त्यांना.

"दमलीस गं, पुरे आता," दादा म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हलकेच मागे टेकवायला गेला.

"बरं!" वहिनी किंचाळली.

आता तो शब्द ऐकून कुणाचीही छाती झाली नसती तिला पसंत आहे म्हणायची. तव्यावर पडल्यासारखा दादाने हात काढला.

ती वाकली. नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं. काठी फरशीवर रोवली. उजवा पाय थरथरत होता, तो थरथरतच जमिनीवर दाबला गेला, आणि ती उठायला लागली. सावकाश. अर्ध्यावर थांबली; तिथून माणूस वर तरी जातो नाहीतर खाली. दादाचे दोन्ही हात हवेत होते, पण त्याने तिला स्पर्श केला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. आणि ती उभी राहिली.

दारापर्यंत गेली नाही. दाराकडे पाहिलंही नाही. आपल्याच खुर्चीच्या पुढ्यात, आपल्याच घरात, दोन्ही पायांवर, सरळ. मग तिने काठी सोडून दिली. खाडकन वाजली फरशीवर.

शिट्टी माझ्या तोंडातून कधीच पडली होती. मी मूर्खासारखी रडत होते आणि रडता रडता मला राग येत होता, दादाचा, आणि माझाही, कारण एवढी वर्षं या बाईला वर्तुळं आखून देऊन मला तिची गोष्ट कळली नव्हती. मी तिला दाराबाहेर ढकलत होते. तिला बाहेर जायचं नव्हतं आणि राहायचंही नव्हतं, असं काही मी म्हणत नाही; ते तिचं तिला ठाऊक. मला दिसलं ते एवढंच: ती बाई घरात येते, बसते, आणि कुणाचाही हात न घेता उठते.

मी खडू उचलला, खाली वाकले आणि ती उभी होती तिथे तिच्या पावलांभोवती वर्तुळ काढलं.

"पण मग पुढे?" संपादकांनी विचारलं. "ती राहते की जाते?"

"वजन कुठे टेकलंय ते दिसतंय ना?" मी म्हटलं. "तेवढं छापा. एक ओळ झाली तरी चालेल. आणि ते कागद इकडे द्या."

संपादकांनी दादाकडे पाहिलं. दादाचं प्रकरण त्याच्याच खिशात होतं, घडी घातलेलं. त्याने ते काढलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. मी हात पुढे करून उभी होते, म्हटलं, आता हा काही बोलला ना, तर याची धडगत नाही. कागद त्याने माझ्या हातात दिले आणि मी ते तिथल्या तिथे टराटरा फाडले. अजून वाटतं, तुकडे आणखी बारीक करायला हवे होते.

वहिनी उभीच होती. पाय आता दिसेल इतके कापत होते. कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता.

"बसवू का तुला?" दादाने विचारलं.

"बरं," वहिनी म्हणाली.

त्याचे हात सवयीने पुढे झाले, तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवायला. आणि ते तसेच अधांतरी थांबले. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली घालून तिच्या पायांकडे पाहिलं. गुडघे सरळ होते. कापत होते, पण वाकलेले नव्हते.

त्याने हात मागे घेतले. खुर्ची ओढून बाजूला ठेवली, आणि मग तोही तिच्याशेजारी, वर्तुळाच्या बाहेर, उभा राहिला.